वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावं

मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर असलेले बद्रुद्दीन काझी सिनेमात आले आणि गुरुदत्तांनी त्यांना एका व्हिस्कीचं नाव दिलं. तेव्हापासून जॉनी वॉकर हे नाव आपल्याकडे दारूला कधी न शिवलेल्या घरांतही पोचलं. त्या व्हिस्कीच्या बाटलीवर उंच हॅट घातलेला, हातात छडी घेतलेला, लांब ढांगा टाकत निघालेला एक गृहस्थ असतो. टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ साली काढलेलं ते चित्र इतकं ठसठशीत आहे, की वॉकर म्हणजे चालणारा याबद्दल कुणाला शंका येत नाही.

या आडनावाचा चालण्याशी संबंध फार लांबचा आहे. वॉकर हे लोकरीच्या कापडावर काम करणाऱ्या एका कारागिराचं नाव. इंग्लंडच्या उत्तर भागात त्याला वॉकर म्हणत, दक्षिण-पूर्वेकडे त्याच कारागिराला फुलर म्हणत आणि नैर्ऋत्येकडच्या डेव्हन-सॉमरसेटमध्ये टकर. काम तेच, मजुरी तीच, पायांना लागणारी घाणही तीच. ती तिन्ही नावं पुढे आडनावं झाली, धंदा केव्हाच यंत्रांनी गिळला, आणि आज इंग्लंडच्या नकाशावर ही आडनावं कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत एवढं पाहिलं तरी सातशे वर्षांपूर्वी कुठल्या मुलखात कुठला शब्द चालत होता ते दिसतं. राजेरजवाड्यांच्या वंशावळी जपायला भाट आणि दफ्तरं असतात. मजुरांची बोली अशी आडनावांत टिकून राहते, म्हणून मला हे त्रिकूट मोलाचं वाटतं.

हे काम होतं तरी काय

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच अंगावर घालण्याजोगं नसतं. त्याची वीण विरळ असते, धागे मोजता येतात, वारा आरपार जातो. शिवाय ते तेलकट असतं. मेंढीच्या अंगची चरबी लोकरीत असतेच, त्यात लोकर विंचरताना आणि कातताना ती नीट सरकावी म्हणून वरून तेल किंवा लोणी चोळलेलं असतं. हे कापड धुऊन चरबी काढायची, आणि त्याच वेळी ते आटवून घट्ट करायचं, असं दुहेरी काम या कारागिराकडे असे.

लोकर आटते ती तिच्या तंतूंच्या घडणीमुळे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक तंतूवर बारीक खवले दिसतात. ओलावा, ऊब आणि रगडणं हे तिन्ही एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात टाकून खसाखसा धुतला तर तो लहान मुलाच्या मापाचा होतो, ते याच कारणाने. जी गोष्ट स्वेटरच्या बाबतीत नुकसान ठरते, तीच मध्ययुगीन कापडाच्या बाबतीत हवी असे. उत्तम प्रतीचं रुंद कापड मागावर मुद्दाम बरंच जास्त रुंद विणत, कारण तुडवणीत ते भरपूर आटणार हे विणकराला ठाऊक असे. आटून घट्ट झालेल्या कापडात वीण दिसेनाशी होई, पाऊस सहज शिरत नसे, आणि ते पिढीभर टिके.

कापसाच्या तंतूला असे खवले नसतात. म्हणून सुती कापडाच्या मुलखात हा धंदा उभाच राहिला नाही. आपल्याकडे घोंगडी लोकरीची असते खरी, पण तिचा कडकपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीतून. या कारागिराला मराठीत रूढ शब्द नाही, त्याचं कारण हेच असावं.

सर्वांत जुनी पद्धत पायांची. लाकडी किंवा दगडी हौदात कापड टाकायचं, त्यावर पाणी आणि धुण्याचं द्रव्य ओतायचं, आणि दोनतीन माणसांनी आत उभं राहून तासन्‌तास तुडवायचं. मध्येमध्ये कापड उलटायचं, पिळायचं, घड्या बदलायच्या, नाहीतर एकाच जागी जास्त आटून ते वेडंवाकडं होई. धुण्याचं द्रव्य म्हणजे बहुधा शिळं मूत्र. मूत्र काही दिवस साठवलं की त्यात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया चरबी तोडतो. साबण महाग होता, हे मात्र घरोघरी फुकट मिळे. यॉर्कशरच्या कापड-गावांत घरोघरचं मूत्र गोळा करून कारखान्याला पुरवण्याची रीत एकोणिसाव्या शतकातही चालू होती.

दुसरं द्रव्य म्हणजे एक विशिष्ट माती. ती तेल शोषून घेते. इंग्रजीत तिला या कारागिराच्याच नावाने 'फुलर्स अर्थ' म्हणतात. आपण तिला मुलतानी माती म्हणतो आणि चेहऱ्याला लावतो. इंग्लंडमध्ये ती सरे परगण्यातल्या नटफिल्डजवळ, बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ आणि बाथच्या दक्षिणेला सापडे. कापड हा इंग्लंडचा प्राण होता त्या काळात या मातीलाही एवढं महत्त्व, की सतराव्या शतकात कच्च्या लोकरीबरोबर तिच्या निर्यातीवरही कायद्याने बंदी होती. परदेशी विणकरांच्या हाती ती पडू नये, हा हेतू.

रोमन साम्राज्यातही हा धंदा भरभराटीला होता. पाँपेईत उत्खननात या लोकांच्या कार्यशाळा निघाल्या आहेत, आणि एका कार्यशाळेतल्या खांबावर टबांत उभे राहून कापड तुडवणाऱ्या माणसांचं चित्रही आहे. सम्राट व्हेस्पेशियनने मूत्रावर कर बसवला तेव्हा मुलाने नाक मुरडलं, आणि सम्राटाने नाणं त्याच्या नाकाशी धरून याला वास येतो का असं विचारलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या मूत्राचं एक मोठं गिऱ्हाईक हेच कापडवाले होते. लॅटिनमध्ये त्यांना 'फुलो' म्हणत.

तीन शब्द आले कुठून

फुलर हा शब्द त्या लॅटिन 'फुलो'चा वंशज. तो फार जुन्या काळीच इंग्रजीत आला होता, आणि १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर त्याच कुळातल्या फ्रेंच शब्दाने त्याला बळ दिलं. म्हणूनच तो लंडन, केंट, ससेक्स, ईस्ट अँग्लिया अशा, युरोपकडे तोंड केलेल्या भागात रुजलेला दिसतो.

वॉकर मात्र अस्सल जर्मानिक कुळातला आहे. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' या क्रियापदाचा अर्थ होता गडबडा लोळवणं, उलटसुलट घुसळणं. समुद्राच्या लाटांबद्दलही ते वापरत. कापडाला हौदात असंच उलथंपालथं करणारा तो 'वेआल्कर'. जर्मन भाषेत आजही 'वाल्कन' म्हणजे लोकरीचं कापड रगडून आटवणं, आणि जर्मनीतही वाल्कर, वेल्कर अशी आडनावं आहेत. इंग्रजीत या क्रियापदाला 'पायी चालणं' हा अर्थ चिकटला तो पुढे, मध्ययुगात. म्हणजे कापडवाला वॉकर आधीचा आहे आणि चालणारा वॉकर नंतरचा. लोक उलट समजतात, कारण जुना अर्थ पुसला गेला आणि नवा तेवढा उरला.

टकरची कथा थोडी क्रूर आहे. जुन्या इंग्रजीत 'तुकिअन' म्हणजे छळणं, हाल करणं. कापडाला मारून, ओढून, रगडून त्याचे जे हाल होत, त्यावरून या कामाला तो शब्द मिळाला असं दिसतं. आजच्या इंग्रजीत 'टक' म्हणजे खोचणं, पण तो अर्थ या आडनावाला लावता येत नाही.

हे शब्द एकाच कामाचे होते हे त्या काळच्या लोकांनाही नीट माहीत होतं. १३८० च्या आसपास जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात मार्कच्या शुभवर्तमानात एक जागा आहे : डोंगरावर येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली, की पृथ्वीवरचा कुणीही कारागीर तितकी शुभ्र करू शकणार नाही. भाषांतरकारांनी तिथे 'फुलर' लिहिलं आणि लगेच पुढे 'किंवा कापडाचा वॉकर' अशी जोड दिली. हे भाषांतर देशभर वाचलं जावं अशी त्यांची इच्छा होती. दक्षिणेच्या वाचकाला एक शब्द कळेल, उत्तरेच्या वाचकाला दुसरा, एवढी काळजी त्यांनी घेतली.

एक्सेटर शहरात आजही 'टकर्स हॉल' उभा आहे. १४७१ साली विणकर आणि तुडवणीवाल्यांच्या संघाने तो बांधला. लोकांच्या तोंडी तो टकर्स हॉल, पण संघाच्या अधिकृत नावात शब्द आहे तो फुलर : विणकर, फुलर आणि शिअरमन (कापडाची लव छाटणारे) यांचा संघ. दरबारी कागदावर राजधानीचा शब्द आणि गल्लीत आपला शब्द, ही तऱ्हा एकाच इमारतीत पाहायला मिळते.

पायांची जागा हातोड्यांनी घेतली

बाराव्या शतकात या धंद्यात मोठी उलथापालथ झाली. पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला खुंट्या बसवून त्यांच्याकरवी जड लाकडी हातोडे उचलायचे आणि हौदातल्या कापडावर सोडायचे, अशी गिरणी इंग्लंडमध्ये आली. इंग्लंडमधल्या तिच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी दोन ११८५ सालच्या आहेत. टेम्पलर या धार्मिक योद्ध्यांच्या संघाने आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, त्यात यॉर्कशरमध्ये एक आणि कॉट्सवोल्ड टेकड्यांत एक अशा कापड तुडवण्याच्या गिरण्या नोंदल्या आहेत.

हातोड्यांनी अनेक माणसांचं काम एका माणसाच्या देखरेखीखाली आणलं. १९४१ साली एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की गिरणीला वेगाने वाहणारे ओढे लागतात, म्हणून कापडाचा धंदा पूर्वेच्या सपाट प्रदेशातल्या जुन्या शहरांकडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या डोंगराळ भागाकडे सरकला. पुढच्या अभ्यासकांनी या मताला बरीच मुरड घातली आहे. धंदा सरकण्यामागे मजुरी, कर, शहरांचे जाचक नियम अशीही कारणं होती. तरी आडनावांच्या दृष्टीने हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ज्या काळात आडनावं ठरत होती नेमक्या त्याच काळात उत्तरेच्या ओढ्यांवर या गिरण्या उभ्या राहत होत्या आणि गावोगावी एखादा तरी वॉकर तयार होत होता.

गिरणी जमीनदाराची असे, आणि कापड तिथेच तुडवून घ्यावं, त्याचं भाडं भरावं अशी सक्ती होई. सेंट ऑल्बन्समध्ये १२७० च्या दशकात मठाधिपतीने गावकऱ्यांवर ही सक्ती केली. घरी पायांनी तुडवायला पैसे लागत नव्हते, त्यामुळे गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि तंटा राजदरबारापर्यंत गेला. पायांची पद्धत त्यानंतरही बराच काळ टिकून होती. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका इंग्रजी दीर्घकाव्यात, मागावरून आलेलं कापड पायांखाली किंवा गिरणीत तुडवल्याशिवाय अंगावर घालायला शोभत नाही, असं कवी सांगतो आणि पुढे धुणं, काटेरी बोंडांनी ओरबाडणं, ताणून वाळवणं अशा पायऱ्या क्रमाने मोजतो.

या गिरण्यांनी गावांनाही नावं दिली. उत्तरेत 'वॉकमिल' नावाच्या वाड्या आहेत, कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ 'टकिंगमिल' हे गाव आहे. वेल्श भाषेत अशा गिरणीला 'पंडी' म्हणतात. खाणकामगारांच्या १९१० च्या दंगलींमुळे गाजलेलं वेल्समधलं टोनीपंडी हे गाव, त्याच्या नावातही हीच गिरणी आहे.

टोपणनावाचं आडनाव कसं झालं

नॉर्मन स्वारीआधी इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला एकच नाव पुरे. पुढच्या दोन शतकांत नावांचा साठाच आक्रसला. जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस एवढ्या मोजक्या नावांत बहुसंख्य पुरुष बसू लागले. एकाच गावात दहा जॉन असतील, तर कर वसूल करणाऱ्याने कोणाचं दार ठोठवायचं? मग टेकडीजवळचा जॉन, रॉबर्टचा मुलगा जॉन, तांबड्या केसांचा जॉन, आणि कापड तुडवणारा जॉन. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. पुण्याच्या सार्वजनिक गणपतीच्या इतिहासातले भाऊसाहेब रंगारी यांचं मूळ आडनाव जावळे. घरचा धंदा कापड रंगवण्याचा, म्हणून लोक त्यांना रंगारी म्हणू लागले आणि तेच नाव इतिहासात राहिलं.

सुरुवातीला ही ओळख माणसापुरती असे. बाप वॉकर, मुलगा सुतारकाम शिकला तर तो कारपेंटर. हळूहळू जमिनीचे हक्क, वारसा आणि कर यांच्या कागदांसाठी नाव स्थिर ठेवणं सोयीचं ठरलं. दक्षिणेत हे आधी झालं, उत्तरेत उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ साली माणशी कर बसला, त्याच्या याद्या या संक्रमणाचा उत्तम पुरावा आहेत. यॉर्कशरच्या पश्चिम भागाची १३७९ ची यादी तर धंद्यांसकट आहे. आडनाव आणि धंदा दोन्ही जुळणारी माणसं त्यात सापडतात, आणि आडनाव एका धंद्याचं पण करतो दुसरंच असेही भेटतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस दिसला की समजावं, इथे नाव बापाकडून मुलाकडे आलेलं आहे. १४१३ साली पाचव्या हेन्रीच्या काळात कायदा झाला, की न्यायालयाच्या हुकुमात प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिलंच पाहिजे. आडनावावरून धंदा कळेनासा झाला होता, याचंच हे लक्षण मानता येईल.

संशोधकाला या काळात एक अडचण छळते. कारकून लॅटिनमध्ये लिहीत. गावात माणसाला वॉकर म्हणोत, फुलर म्हणोत की टकर, कारकुनाच्या वहीत तो 'फुलो'. त्यामुळे जिथे इंग्रजी शब्द जसाच्या तसा उतरवलेला आहे त्याच नोंदींवरून बोलींचा नकाशा काढावा लागतो. आश्चर्य म्हणजे १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेवरून काढलेला आडनावांचा नकाशा त्या जुन्या नकाशाशी बराच जुळतो. टकर डेव्हन-कॉर्नवॉल-सॉमरसेट आणि समोरच्या दक्षिण वेल्समध्ये, फुलर केंट-ससेक्सपासून सफक-नॉरफकपर्यंत, वॉकर मध्य इंग्लंडपासून उत्तरेला थेट स्कॉटलंडमध्ये. पाचशे वर्षांत लोक शहरांत गेले, लढायांवर गेले, खाणींत गेले, तरी बहुतेकांनी आपला मुलूख फारसा सोडला नव्हता.

तिघांत वॉकर संख्येने फार पुढे आहेत. इंग्लंडमधल्या पहिल्या पंचवीस आडनावांत हे नाव बसतं, बाकीची दोन त्याच्या जवळपासही नाहीत. उत्तरेकडे त्या शब्दाचा पसारा मोठा होता हे एक कारण, आणि यॉर्कशर-लँकेशरची लोकसंख्या औद्योगिक काळात झपाट्याने वाढली हे दुसरं.

स्कॉटलंडच्या बेटांवर

तिसरं कारण स्कॉटलंडमध्ये आहे. डोंगराळ भागात गेलिक बोलणाऱ्यांमध्ये 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचं, 'मॅक'ने सुरू होणारं आडनाव होतं. जुन्या कागदांत ते मॅकन्यूकेटर अशा रूपात दिसतं. इंग्रजीचा दाब वाढला तसं त्यातल्या काही घरांनी नावाचं सरळ भाषांतर करून वॉकर लावलं. आज अशा घरातल्या माणसाला आपलं नाव यॉर्कशरच्या माणसासारखंच वाटतं, पण त्याच्या पूर्वजांनी तो शब्द शतकानुशतकं उच्चारलाही नसेल.

याच भागात, विशेषतः हेब्रिडीस बेटांवर, हाताने कापड आटवण्याची पद्धत विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. तिथे हे काम बायकांचं. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बायका बसत, ओलं ट्वीड हातांनी फळीवर आपटत, शेजारणीकडे सरकवत, आणि ताल धरून गात. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं. जात्यावरच्या ओव्या जशा दळणाच्या लयीतून आल्या, तशी ही गाणी कापडाच्या आपटण्यातून आली. प्रेमभंग, बुडालेल्या नावा, सरदारांची स्तुती, सासरचा जाच, सगळं त्यांत आहे. १७७३ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा मित्र जेम्स बॉसवेल राझे बेटावर गेले तेव्हा त्यांना हे काम मुद्दाम दाखवण्यात आलं होतं. धंदा गेला, कापड गिरणीत होऊ लागलं, तरी ही गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि आजही गायली जातात. या कामाबद्दल उरलेल्या सगळ्या पुराव्यांत मला ही गाणी सर्वांत थोर वाटतात, कारण त्यांत काम करणाऱ्यांचा स्वतःचा आवाज आहे. बाकी सगळं कारकुनांनी लिहिलेलं.

कापडाच्या वाटेवरचे शेजारी

एक गठ्ठा लोकर कापड होईपर्यंत जेवढ्या हातांतून जाई, जवळजवळ तेवढी आडनावं इंग्लंडमध्ये आहेत. विणणारा दक्षिणेत वेब, नैर्ऋत्येत वेबर, उत्तरेत आणि पूर्वेच्या मध्यभागात वेबस्टर. इथेही पुन्हा प्रदेशाप्रमाणे शब्द बदलतो. 'स्टर' हा शेवट मुळात स्त्रीलिंगी होता, तेव्हा वेबस्टर म्हणजे आरंभी विणकरीण. रंगवणारा उत्तरेत लिस्टर, दक्षिणेत डायर. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरण्याचा पाया घालणारे जोसेफ लिस्टर आणि जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनल्ड डायर, दोघांच्या आडनावांचा अर्थ एकच, रंगारी.

तुडवून झालेलं कापड ओलं असतानाच लाकडी चौकटीवर आकड्यांत अडकवून ताणत, म्हणजे ते सारखं वाळे. मग काटेरी बोंडांनी त्याची लव उभी करत आणि भल्या मोठ्या, जड कात्रीने ती एकसारखी छाटत. हा छाटणारा म्हणजे शिअरमन, पुढे शर्मन. मेंढ्या कातरणारा असा त्याचा अर्थ पुष्कळ जण करतात, पण ही कात्री कापडावर चाले. अमेरिकन यादवी युद्धातले सेनापती विल्यम शर्मन यांचे पूर्वज इसेक्समधल्या डेडम या कापडाच्या गावचे, त्यामुळे नाव आणि घराणं यांची सांगड इथे पक्की बसते. यॉर्कशरमधल्या याच छाटणाऱ्या कारागिरांनी १८१२ साली त्यांची पोटं मारणाऱ्या यंत्रांवर घाव घातले.

भारताच्या इतिहासातही या तिघांच्या पाऊलखुणा आहेत. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनी १८०७ साली काठियावाडातल्या संस्थानांच्या खंडणीचा जो बंदोबस्त केला तो वॉकर सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. बंगालच्या फाळणीनंतर पूर्व बंगाल आणि आसामचे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर झाले ते बॅम्पफिल्ड फुलर; स्वदेशी चळवळ दडपण्याच्या त्यांच्या धोरणावर वादळ उठलं आणि १९०६ साली त्यांनी राजीनामा दिला. फ्रेडरिक टकर यांनी सनदी नोकरी सोडली, १८८२ च्या सप्टेंबरात मुंबईच्या धक्क्यावर उतरून मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेचं) भारतातलं काम सुरू केलं, आणि पुढे अंगावर भगवी वस्त्रं व नाव फकीर सिंग धारण केलं.

आडनावावरून काय सांगता येतं आणि काय नाही

वॉकर आडनावाचे सगळे लोक एका पूर्वजाचे वंशज नाहीत. शेकडो गावांत, वेगवेगळ्या पिढ्यांत, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांना हे नाव पडलं. एखाद्या खेड्याच्या नावावरून बनलेलं दुर्मीळ आडनाव एका घराण्यापर्यंत नेता येतं, धंद्याच्या आडनावाला ते जमत नाही.

शिवाय काही वॉकरांचं मूळ निराळं असू शकतं. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. तिचं नाव रोमनांच्या हेड्रियन भिंतीजवळची पाणथळ जागा अशा अर्थाचं, त्याचा कापडाशी संबंध नाही. तिथून आलेल्या एखाद्याला ते नाव पडलेलं असू शकतं. काही टकर आयर्लंडमधले आहेत आणि त्यांचं मूळ एका गेलिक आडनावात आहे. अमेरिकेत गेलेल्या जर्मन घरांनीही आपली नावं इंग्रजी वळणावर आणली. जंगलात गस्त घालणारा शिपाई म्हणजे वॉकर, असा एक लोकप्रिय खुलासा वारंवार वाचायला मिळतो. बहुसंख्य वॉकरांना तो लागू पडत नाही.

अमेरिकेतल्या हजारो कृष्णवर्णीय घरांचं आडनावही वॉकर आहे. गुलामगिरीत माणसाला आडनाव धरतच नसत, किंवा मालकाचं लावत. १८६५ नंतर मुक्त झालेल्यांनी नाव नोंदवताना कुणी जुनं ठेवलं, कुणी स्वतः निवडलं. केसांच्या प्रसाधनांचा मोठा व्यवसाय उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांचं जन्मनाव सेरा ब्रीडलव्ह, आडनाव आलं नवऱ्याकडून. अशा घरांच्या बाबतीत यॉर्कशरच्या हौदाची कथा त्यांच्या पूर्वजांची म्हणून सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या नावाचा इतिहास मळ्यांच्या हिशेबवह्यांत आणि मुक्तीनंतरच्या नोंदींत शोधायला हवा.

'तुमच्या आडनावाची ढाल' म्हणून रंगीत चिन्हं विकणारी दुकानं जागोजागी आहेत. इंग्लंडमध्ये अशी चिन्हं व्यक्तीला आणि तिच्या थेट वारसांना दिली जातात. १४८४ पासून लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स हे काम पाहतं. एखाद्या वॉकराला चिन्ह मिळालं म्हणून ते साऱ्या वॉकरांचं होत नाही.

ज्यांना खरोखर मागे जायचं आहे त्यांच्यासाठी मुख्य आधार चर्चच्या नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायचा हुकूम काढला. सगळ्या वह्या तितक्या जुन्या टिकलेल्या नाहीत, काही भिजल्या, काही जळल्या, काही उशिराच सुरू झाल्या. त्याच्या मागे जायचं तर जमीनदारांच्या न्यायसभांची दफ्तरं आणि कराच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. त्यांत गरीब माणूस दिसतो तो बहुतेक दंड भरताना, भाडं थकवताना, किंवा जमीनदाराच्या गिरणीत न जाता घरीच कापड तुडवल्याबद्दल पकडला गेल्यावर.